विश्वामित्रीतली मगर आणि पुलावरचं कबूतर

संक्रांतीला माझी भाची पुण्याहून बडोद्याला आली होती, नववीत आहे, पतंगापेक्षा तिला मगर बघायचीच जास्त घाई, म्हणून दुसऱ्या दिवशी ऊन जरा वर आल्यावर आम्ही दोघी विश्वामित्री नदीवरच्या कालाघोड्याच्या पुलावर गेलो. खाली चिखलात एक मोठी मगर तोंड उघडं टाकून पडलेली, कठड्याला टेकून सात-आठ माणसं बघतायत, आणि बाजूचे एक काका नातवाला सांगत होते की डायनासोरच्या काळापासून ही अशीच आहे, हिच्यात काही म्हणजे काही बदललं नाही. भाचीने ते ऐकलं आणि मला विचारलं, "आत्या, म्हणजे ही मागे राहिली आणि आपण पुढे आलो, असंच ना?"

हा प्रश्न मी खूप जणांकडून ऐकलाय, मोठ्या शिकलेल्या माणसांकडूनसुद्धा, आणि त्याचं मूळ मला वाटतं त्या एका चित्रात आहे, वाकलेलं माकड, मग जरा ताठ माकड, मग केसाळ माणूस आणि शेवटी आपण, सगळे एका रांगेत चाललेले. शाळेच्या भिंतीपासून टी-शर्टपर्यंत सगळीकडे ते चित्र आहे आणि ते चुकीचं आहे. उत्क्रांतीत रांग नसते, जिना पण नसतो. असते ती वंशावळ.

मी तिला म्हटलं, या मगरीचा आज जिवंत असलेला सगळ्यात जवळचा नातेवाईक कोण, सांग बघू. ती म्हणाली घोरपड. मग म्हणाली पाल. मी पुलाच्या खांबावर बसलेल्या कबुतरांकडे बोट दाखवलं.

हे खरंच आहे. घोरपड मगरीसारखी दिसते म्हणून आपण फसतो, पण मगर आणि पक्षी एकाच मोठ्या फांदीवरचे, ती फांदी साधारण २५ कोटी वर्षांपूर्वी दुभंगली, एका बाजूला मगरींचं घराणं गेलं आणि दुसऱ्या बाजूच्या घराण्यात डायनासोर झाले, आणि त्याच डायनासोरांची आज उरलेली पिल्लावळ म्हणजे पक्षी. पाली-घोरपडींची फांदी त्याच्याही आधी वेगळी झालेली. नातं सांगणाऱ्या खुणा बघायच्या असतील तर मगरीच्या हृदयाला पक्ष्यांसारखेच पूर्ण चार कप्पे असतात, पाली-घोरपडींचं तसं नसतं. मगरीण काठावर घरटं करून अंडी राखते, पिल्लं अंड्याच्या आतूनच आवाज द्यायला लागतात, तो ऐकून ती माती उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यापर्यंत नेते. एवढी माया आपण पक्ष्यांच्या खात्यावर लिहितो, मगरीच्या नाही.

आणि "काही बदललं नाही" हे पण बरोबर नाही. मगरींच्या घराण्यात लांब पायांवर जमिनीवर पळणारे होऊन गेले, समुद्रात राहणारे होऊन गेले, चक्क झाडपाला खाणारे पण होते. आपली विश्वामित्रीतली मगर ज्या छोट्या शाखेतली आहे ती शाखा मोठे डायनासोर संपले त्या ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळानंतर कितीतरी उशिरा निघालेली आहे. पाण्यात दबा धरून बसायला तो आकार कामाचा ठरला म्हणून तो टिकला, इतकंच. आतली रसायनं, रोगाशी लढायची ताकद, जनुकं, हे सगळं बदलत राहिलं, ते पुलावरून दिसत नाही.

यातलं सगळ्यात कठीण मला वाटतं हे समजणं की आज जिवंत असलेली जात सहसा दुसऱ्या जिवंत जातीची पूर्वज नसते. सगळे चुलत. आमच्या घरचंच उदाहरण देते. पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात साताऱ्याकडून इथे नोकरीला आले, त्यांचे भाऊ तिकडेच राहिले. आता कोणी मला विचारलं की तुम्ही साताऱ्याच्या लोकांपासून झालात तर साताऱ्यात अजून लोक कसे काय आहेत, तर काय सांगणार? पण "माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून का आहेत" हा प्रश्न अगदी तोच आहे. चिंपांझी आपला पणजोबा नाही, चुलत भाऊ आहे, दोघांचा पणजोबा साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा आणि तो ना माणूस होता ना चिंपांझी. भाषेचं बघा. मी पतंग "चगवते", भाची "उडवते", तिला माझी मराठी गुजराती वळणाची वाटते, मला तिची इंग्रजीने भरलेली, आणि पणजोबांची मराठी आज दोघींपैकी कोणीच बोलत नाही. तिची मूळची आणि माझी बिघडलेली असं काही नाही, दोन्ही तेवढीच वर्षं बदलत आल्यात.

आता बदल होतो कसा. इथे दुसरी एक समजूत आडवी येते, की प्राण्याला गरज वाटली म्हणून तो बदलला, जिराफाने मान ताणली, वगैरे. एक प्राणी आयुष्यात कितीही धडपडला तरी त्याची उत्क्रांती होत नाही. बदलतो तो समूह, पिढ्या जाता जाता. डार्विन आणि वॉलेस या दोन निसर्गअभ्यासकांची ही कल्पना १८५८ मध्ये लंडनला एकत्र वाचली गेली आणि ती सांगायला तीन वाक्यं पुरतात: एकाच जातीतले सगळे सारखे नसतात, फरकांपैकी काही पोरांमध्ये उतरतात, आणि ज्यांचे फरक त्या जागी त्या वेळी उपयोगी पडतात त्यांची पोरं जास्त जगतात. बस. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. लोक याला "बळी तो कान पिळी" समजतात पण इथे बळाचा संबंध असेलच असं नाही, हिशोब फक्त मागे किती वंश उरला याचा.

हे डोळ्यांदेखत मोजलं गेलंय. दक्षिण अमेरिकेजवळच्या गालापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर नावाच्या छोट्याशा बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे नवरा-बायको १९७३ पासून फिंच पक्षी पकडायचे, चोच मोजायचे, पायात कडी घालून सोडून द्यायचे, दरवर्षी, न चुकता. १९७७ ला तिथे पाऊसच पडला नाही. मऊ बारीक बिया संपल्या, उरली ती कडक काटेरी बोंडं, आपल्याकडच्या सराट्याच्या जातभाईची. सराटा ज्याच्या चपलेत घुसलाय त्याला ते बोंड किती कडक असतं ते सांगायला नको. ते फोडायला जाड चोच लागते. तिथल्या मधल्या आकाराच्या फिंच जातीतले जवळजवळ ८५ टक्के पक्षी मेले, वाचले त्यात जाड चोचीचे जास्त, आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच मोजण्याइतकी जाड निघाली. कोणत्याही एका पक्ष्याची चोच वाढली नाही हं, बारीक चोचीचे गेले म्हणून सरासरी सरकली. आणि मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग: १९८३ ला धो धो पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ झाला आणि मग पारडं बारीक चोचीकडे झुकलं. म्हणजे जायचं कुठे असं काही ठरलेलंच नाही, हवा फिरली की निवड पण फिरते.

सगळाच बदल निवडीने होतो असंही नाही, नुसत्या योगायोगानेही होतो, त्याला जनुकीय विचलन म्हणतात. आपल्या गीरचे सिंह घ्या. शिकारीने ते मोजकेच उरले होते, आणि जे उरले ते भारी म्हणून उरले असं नाही, गोळीच्या वाटेत आले नाहीत म्हणून उरले. त्यांच्या अंगात जी जनुकं होती तीच पुढे आली, बाकीची कायमची गेली. २०२५ च्या गणतीत ८९१ सिंह भरले, आनंदच आहे, पण संख्या वाढली म्हणून हरवलेली विविधता परत येत नाही, ती नव्याने तयार व्हायला हजारो पिढ्या लागतात, आणि एखादी साथ आली तर सगळे एकसारखेच असणं महागात पडू शकतं.

पुलावरून आम्ही कमाटी बागेत गेलो. तिथलं म्युझियम सयाजीरावांनी १८९४ साली उभं केलेलं, आणि त्यात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. लहानपणी शाळेच्या सहलीत मी तो बघितला तेव्हा फक्त "बापरे केवढा" एवढंच कळलं होतं. आता मी भाचीला सांगितलं, लांबी नंतर बघ, आधी पुढचे वल्ह्यासारखे अवयव बघ. देवमाशाच्या वल्ह्यात दंडाचं एक आखूड जाड हाड असतं, त्याखाली कोपरापासूनची दोन, मग मनगटाची छोटी, मग बोटांच्या हाडांची लांब माळ. तिने स्वतःचा दंड चाचपला, मग कोपराखालची दोन हाडं चाचपली. माशाच्या पराची रचना अशी नसते. पोहायचा अवयव कोऱ्या कागदावर काढायचा असता तर त्यात बोटं कशाला हवी होती? पण उत्क्रांतीला कोरा कागद मिळतच नाही, घरात जे आहे त्यातूनच शिवायचं, जुन्या नऊवारीची गोधडी शिवतात ना तसं, आणि मग जुने काठ दिसत राहतात. शेपटीचं पण तेच, मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो, देवमासा वर-खाली, कारण त्याचा कणा धावणाऱ्या सस्तन प्राण्याचा आहे, धावताना वर-खाली वाकणारा. मागच्या पायांच्या जागी मांसात बुडालेली कमरेची दोन छोटी हाडं राहिलीत, त्यांना आता प्रजननाच्या अवयवांचे स्नायू चिकटतात, म्हणजे जुनं सामान नव्या कामाला लागलंय. आणि ज्या देवमाशांना मोठेपणी दातच नसतात, त्यांच्या गर्भात दातांचे कोंब येतात आणि विरून जातात.

ही गोष्ट आपल्या फार जवळ घडलीय हे बडोद्यात किती जणांना माहीत असतं कोण जाणे. कच्छमध्ये एके काळी उथळ समुद्र होता, तिथल्या खडकात पाण्यात आणि काठावर राहणाऱ्या आदिम देवमाशांची हाडं सापडलीत, त्यातल्या एका छोट्या, पाणमांजरासारख्या प्राण्याचं नावच कच्छिसीटस, साधारण साडेचार कोटी वर्षांपूर्वीचा. जम्मूकडच्या कालाकोटच्या खडकांची गोष्ट तर आणखी भारी. ते दगड रंगा राव नावाच्या भारतीय भूवैज्ञानिकाने गोळा करून ठेवले होते, ते गेल्यानंतर त्यांच्या पत्नीने ते हान्स थेविसन या संशोधकाला दिले, साफ करताना एका कवटीचं कानाचं हाड चुकून तुटलं, आणि आत दिसली ती एका बाजूला जाडजूड झालेली भिंत जी तोपर्यंत फक्त देवमाशांच्याच कानात माहीत होती. प्राणी मात्र मांजराएवढा, खुरांचा, हरणासारख्या बारीक पायांचा, इंडोहायस. २००७ ला हे छापून आलं. तो तरी देवमाशाचा थेट पणजोबा का, तर नाही, कारण त्याच काळात आणि त्याच्याही आधी पायांचे देवमासे होतेच, म्हणजे हा पण चुलत घराण्यातलाच. आज जिवंत असलेल्यांत देवमाशाचा सगळ्यात जवळचा नातेवाईक कोण, तर पाणघोडा. जनुकं पण तेच सांगतात.

बाहेर येऊन आम्ही वडाखाली बसलो. वंशावळीला झाडाची उपमा देतात, पण मला वाटतं द्यायचीच तर वडाची द्यावी, कारण फांद्या नुसत्या फुटत नाहीत, पारंब्या खाली येतात, एकमेकींत मिसळतात. जिवाणूंमध्ये जनुकं आडवी, एका जातीतून दुसऱ्या जातीत जातात, अँटिबायोटिकला दाद न देण्याचा गुण त्यांच्यात इतका भराभर पसरतो तो त्यामुळे. आपल्यातही पारंब्या आहेतच, भारतीय माणसाच्या जनुकांत एक-दोन टक्के निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवजातीचा वाटा आहे, फांद्या वेगळ्या झाल्यावर परत भेटल्या होत्या.

पिकायच्या बेतात आलेलं एक फळ मी नखाने उघडलं. बरेच दिवस न दिसणाऱ्याला आपण उंबराचं फूल म्हणतो, ते या घराण्यामुळेच, उंबराची काय आणि वडाची काय, फुलं फळाच्या आत असतात, शेकडो, मोहरीहून बारीक. आणि त्यांच्यामधून छोट्या गांधीलमाश्या चालत होत्या. वडाची ठराविक माशी आहे, तिच्याशिवाय वडात बी धरत नाही आणि वडाशिवाय तिला अंडी घालायला जागा नाही. नराला पंखच नसतात, तो आत जन्मतो, माद्यांना बाहेर पडायला भोक पाडून देतो आणि आतच मरतो. मादी पराग घेऊन निघते, एक-दोन दिवसांत दुसरं योग्य वयाचं फळ गाठायचं, त्याच्या तोंडाच्या चिमुकल्या भोकातून आत घुसताना तिचे पंख तुटतात, ती पुन्हा बाहेर येत नाही. दोन वेगळ्या फांद्या कोट्यवधी वर्षं एकमेकींना घडवत आल्या.

एक माशी भाचीच्या नखावर चढली. डोळ्याजवळ धरल्याशिवाय दिसत पण नव्हती. "हिचं नातं कुणाशी, आत्या?" मी म्हटलं मुंग्यांशी, मधमाश्यांशी, आणि लांबून तुझ्याशी. तिने हात जरा वर धरला, वारा आला आणि माशी दुसऱ्या वडाच्या दिशेने गेली.