‘वॉटर’ आणि ‘आफ्टर’चं यमक

‘जॅक अँड जिल’ मराठी घरांतल्या पोरांनाही तोंडपाठ असतं. जिल-हिल जुळतं, डाउन-क्राउन जुळतं. ‘वॉटर’शी ‘आफ्टर’ मात्र काही केल्या जुळत नाही. रचणाऱ्याचा कान कच्चा नव्हता. ‘वॉटर’मधला पहिला स्वर तेव्हा आजच्यासारखा ‘ऑ’ नव्हता, ‘अ‍ॅ’च्या जवळचा होता. बालगीतांचे अभ्यासक आयोना आणि पीटर ओपी यांनी या जोडीवरूनच ते कडवं १७व्या शतकातलं असावं, असा अंदाज बांधला.

यमकात जुने उच्चार असे जपून राहतात. अलेक्झांडर पोपने १७१४च्या कवितेत ‘ओबे’शी ‘टी’ जुळवलाय, कारण तेव्हा चहाला ‘टे’ म्हणत. स्पेलिंगकडे बघून हे कधीच कळलं नसतं.

खरं तर यमक इंग्रजीचं मूळचं नव्हे. जुनी इंग्रजी कविता शब्दांच्या सुरुवातीच्या ध्वनींवर, म्हणजे अनुप्रासावर चाले. लॅटिन स्तोत्रं आणि १०६६मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर आलेली फ्रेंच भाषा यांच्यामुळे ओळीच्या शेवटी यमक रुजलं. त्याचा हिशेब आघातावर, म्हणजे शब्दात कुठे जोर पडतो त्यावर चालतो: शेवटच्या आघातयुक्त स्वरापासून पुढचं सगळं सारखं हवं. म्हणून ‘नेशन’-‘स्टेशन’ पक्कं.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते यमकाचं लहान मुलांवरचं काम. पीटर ब्रायंट, लिनेट ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी ६४ मुलांचा माग ठेवला आणि १९८९मध्ये निष्कर्ष मांडले. तिसऱ्या वर्षी ज्यांना बालगीतं जास्त येत होती, ती पुढे वाचनातही सरस ठरली. बुद्ध्यांक आणि घरची परिस्थिती हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. ‘कॅट-हॅट’ म्हणताना मूल नकळत शब्द फोडतं: ‘क’ वेगळा, ‘अ‍ॅट’ वेगळं. ‘लाइट’, ‘नाइट’, ‘फाइट’मधली न उच्चारली जाणारी अक्षरंही मग एका गठ्ठ्यानं ओळखता येतात.

आजच्या गाण्यांत ‘टाइम’शी ‘माइन’ सर्रास जुळवतात. तेही कानाला धरूनच आहे. गाताना लांबतो तो स्वर, ‘आइ’. शेवटचे म् आणि न् क्षणभर टिकतात, शिवाय दोन्ही अनुनासिक. रॅपर तर स्वरांच्या अख्ख्या माळा जुळवतात. ‘ऑरेंज’ला इंग्रजीत यमक नाही असं सांगतात, पण एमिनेमनं त्याला ‘डोअर हिंज’ जोडून दाखवलं. अमेरिकी ढंगात ‘ऑरिंज’ म्हणा आणि लगेच ‘डोअर हिंज’. व्यंजनं वेगळी, पण दोन्ही ठोक्यांवर स्वर तेच.