गंज थांबवणारी हवा: ब्रुनेलचं जहाज कोरडं कसं ठेवतात

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या गोदीत 'एसएस ग्रेट ब्रिटन' हे जुनं जहाज लांबून पाण्यावर तरंगताना दिसतं. जवळ गेलं की कळतं, ते पाणी म्हणजे काचेच्या छतावर सोडलेला पातळसा थर आहे. जिना उतरून काचेखाली गेलं की जहाजाचं गंजलेलं बूड समोर येतं. तिथल्या हवेची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वाळवंटासारखी ठेवलेली असते. जहाज आज उभं आहे ते मुख्यतः या हवेमुळे. रंगाचा वाटा त्यात थोडा आहे.

इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल या ब्रिटिश अभियंत्याने हे जहाज याच गोदीत बांधलं. १९ जुलै १८४३ रोजी ते पाण्यात उतरलं. लांबी ९८ मीटर, सांगाडा आणि पत्रे घडीव लोखंडाचे, आणि बाजूच्या चाकांऐवजी मागे मळसूत्री पंखा. इंजिन मिनिटाला जेमतेम १८ फेरे घ्यायचं आणि पंख्याला त्याच्या तिप्पट वेग हवा होता, म्हणून मधे जाड साखळ्या बसवून वेग वाढवला होता. पण खरी करामत तळाशी होती. तिथे लांबीच्या दिशेने दहा लोखंडी तुळया होत्या, त्यांच्यावर लोखंडाचाच दुसरा तळ, आणि आडव्या पाच जलरोधक भिंती. १८४६ मध्ये जहाज आयर्लंडच्या डंड्रम उपसागरात किनाऱ्यावर चढलं आणि अकरा महिने लाटांचा मार खात तिथेच पडून राहिलं. लाकडी जहाजाचं एव्हाना सरपण झालं असतं. हे सुटलं, पण कंपनीचं मात्र दिवाळं निघालं.

पुढे त्याने ऑस्ट्रेलियाला प्रवासी नेले. १८५७ च्या उठावाच्या वेळी आयर्लंडमधल्या कॉर्कहून ब्रिटिश घोडदळ मुंबईला आणलं ते याच जहाजाने. १८८६ मध्ये केप हॉर्नजवळच्या वादळात मोडतोड झाल्यावर फॉकलंड बेटांवर त्याचं तरंगतं कोठार झालं आणि १९३७ मध्ये ते तिथल्याच स्पॅरो कोव्ह या खाडीत उथळ पाण्यात बुडवून टाकलं. १९७० मध्ये ते बाहेर काढताना उजव्या कुशीवरची मोठी भेग जुन्या गाद्या कोंबून बुजवावी लागली. मग पाण्याखाली बुडवून पुन्हा वर आणता येणाऱ्या तराफ्यावर चढवून, अटलांटिक ओलांडून ते ब्रिस्टलला आणलं. गोदीत शिरलं तो दिवसही १९ जुलैच होता.

पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गंजाचे पोपडे काढले, रंग लावला, आणि जहाज वाचलं असं सगळ्यांना वाटलं. १९९८ च्या तपासणीत मात्र गंज चालूच असल्याचं दिसलं. तो तसाच वाढू दिला असता तर पाव शतकात जहाज उभं राहण्याच्या लायकीचं उरलं नसतं.

दोष मिठाचा होता. समुद्रात राहिलेल्या लोखंडात क्लोराइड गंजाच्या थराखाली, खड्ड्यांच्या तळाशी, जिथे शुद्ध धातू सुरू होतो नेमकं तिथे साचतं. फवारा तिथवर पोहोचत नाही आणि वरून रंग लावला की ते आतच कोंडलं जातं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. लोहाचं क्लोराइड तर त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेत ओलावा धरतं. त्या ओलाव्यात आम्ल तयार होतं, धातू विरघळतो, आणि क्लोराइड खर्ची न पडता पुढच्या फेरीला मोकळं राहतं. वरचा पापुद्रा सुटून पडतो, खाली ताजं लोखंड उघडं पडतं.

छोट्या वस्तू अल्कलीच्या द्रावणात महिनोन्महिने बुडवून हे मीठ काढता येतं. ९८ मीटरच्या जहाजाला हौद कुठून आणायचा? सगळे पत्रे बदलले तर हाती उरेल ती ब्रुनेलच्या जहाजाची प्रतिकृती. म्हणून मीठ आत राहू द्यायचं आणि त्याचं पाणी तोडायचं, असं ठरलं.

किती तोडायचं? कार्डिफ विद्यापीठातल्या प्रयोगांत दिसलं की १२ टक्के आर्द्रतेला गंज थांबतो, २० टक्क्यांना तो अगदी मंद असतो आणि २५ च्या पुढे भराभर वाढतो. १२ टक्के राखणं फार महाग, म्हणून २० च्या आसपासचा आकडा धरला. हा तडजोडीचा आकडा आहे, आणि माझ्या मते शहाणपणाचा.

२० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते. तिथे ती साडेतीन ग्रॅमवर आणायची. घरच्या एसीसारखं थंड नळीवर वाफेचं पाणी करून हे जमत नाही, कारण इतक्या कोरड्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं तो, शून्याच्या खाली जातो आणि नळीवर बर्फ धरतं. इथे शोषक पदार्थ भरलेलं चाक सावकाश फिरतं. त्याच्या एका भागातून गोदीतली हवा जाते आणि ओलावा तिथेच सोडते. दुसऱ्या भागातून गरम हवा सोडून तो ओलावा बाहेर टाकला जातो. वीज मुख्यतः खाते ती ही गरम हवा.

चुका होतात त्या कोपऱ्यांत. २० अंशांच्या हवेत २० टक्के आर्द्रता असली आणि एखादा पत्रा १० अंशांवर असला, तर त्या पत्र्याला चिकटलेल्या हवेत आर्द्रता ३८ टक्के भरते. मापक २० दाखवत राहतो आणि गंज आपलं काम करत राहतो. म्हणून कोरडी हवा नळ्यांतून थेट पत्र्यांवर सोडावी लागते आणि मापकही तिथेच, लोखंडाजवळ लावावे लागतात. गोदीच्या जुन्या दगडी भिंतींतून ओल झिरपते. जहाजाच्या बुडाला भोकं आहेत, त्यामुळे आतली आणि बाहेरची हवा एकाच वेळी कोरडी ठेवावी लागते. काच जिथे जहाजाला भिडते त्या सांध्यातून हवा गळाली, तर बाहेरचा दमटपणा आत येतो.

ही सोय २००५ मध्ये सुरू झाली. क्लोराइड आजही लोखंडात आहे. यंत्रं बराच काळ बंद पडली, तर गंज जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरू होईल.