वकील नेमका केव्हा येतो? आरोपीच्या बचावाच्या हक्काची पार्श्वभूमी

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आरोपीला आपल्या पसंतीच्या वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क कलम 340 मध्ये आहे. ब्रिटिशांनी 1898 मध्ये केलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हा हक्क ज्या कलमात होता, त्याचाही क्रमांक 340 हाच होता. मधल्या 1973 च्या संहितेत तो 303 व्या कलमात गेला आणि आता पुन्हा जुन्या क्रमांकावर आला. हा निव्वळ योगायोग असला तरी तो एक गोष्ट दाखवून देतो. सव्वाशे वर्षांत या कलमाच्या आशयात फारसा फरक पडलेला नाही. फरक पडला तो वकील आरोपीपर्यंत केव्हा पोहोचायचा आणि त्याची फी कोणी द्यायची या दोन प्रश्नांच्या उत्तरांत, आणि ती उत्तरे कायदेमंडळापेक्षा न्यायालयांनी आधी दिली.

1898 ची तरतूद त्या काळाच्या मानाने मागासलेली नव्हती. खुद्द इंग्लंडमध्ये राजद्रोहाच्या आरोपीला वकील देण्याची मुभा 1696 च्या कायद्याने मिळाली होती, परंतु इतर गंभीर गुन्ह्यांतील आरोपीच्या वतीने ज्युरीपुढे संपूर्ण भाषण करण्याचा अधिकार वकिलाला 1836 पर्यंत नव्हता. तोवर न्यायाधीश हाच आरोपीचा वकील, अशी समजूत होती. हिंदुस्थानात मात्र संहितेने वकिलाला थेट न्यायालयात उभे केले. ज्याला वकील परवडतो त्याला तो करता येईल, एवढाच या हक्काचा अर्थ होता, आणि तो किती मोलाचा होता व किती अपुरा होता हे लोकमान्य टिळकांच्या तीन खटल्यांवरून समजते.

1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या जामिनाचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात बॅरिस्टर दिनशा दावर यांनी चालवला आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो मंजूर केला. आरोपीला आपल्या बचावाची तयारी करता आली पाहिजे, हा त्यामागचा मुद्दा होता. पुढे खटल्यात बचावासाठी कलकत्त्याहून बॅरिस्टर प्यू आले, तरी ज्युरीने सहा विरुद्ध तीन मतांनी टिळकांना दोषी ठरवले आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. अकरा वर्षांनी, 1908 मध्ये, टिळक पुन्हा अटकेत होते आणि जामिनाचा अर्ज बॅरिस्टर महंमद अली जिना चालवत होते. समोर न्यायाधीश म्हणून बसले होते तेच दावर. 1897 मध्ये वकील म्हणून त्यांनी जे मांडले होते ते आता त्यांना ऐकवले गेले, आणि न्यायाधीश म्हणून त्यांनी जामीन नाकारला. बचावाच्या वकिलाचे युक्तिवाद त्याच्या खुर्चीबरोबर कसे बदलतात याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्या न्यायालयीन इतिहासात क्वचितच सापडेल.

त्या खटल्यात टिळकांनी स्वतःच आपला बचाव केला. ते कायद्याचे पदवीधर होते, कायद्याचे वर्ग चालवलेले होते, आणि एकवीस तासांहून अधिक चाललेले त्यांचे भाषण केवळ देशभक्तीचे भाषण नव्हते. आपले मराठी लेख सरकारी भाषांतरातून ज्युरीपुढे गेले आहेत आणि भाषांतरात मूळ शब्दांचा रोख बदलला आहे, हा त्यांचा मुद्दा होता, आणि त्यासाठी त्यांनी सरकारी भाषांतरकाराची शब्दागणिक उलटतपासणी घेतली. मराठी न समजणाऱ्या सात युरोपीय ज्युरींनी त्यांना दोषी ठरवले, दोन पारशी ज्युरींनी निर्दोष. सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ती त्यांनी मंडालेला भोगली. 1916 मध्ये मात्र चांगल्या वर्तनाच्या जामीनकीचा आदेश त्यांच्यावर निघाला, तेव्हा जिनांनी तो उच्च न्यायालयात रद्द करवून घेतला. आरोपी तोच आणि आरोपाचे स्वरूपही तसेच, तरी न्यायाधीश व युक्तिवाद बदलल्यावर निकाल बदलू शकतो, हे त्या निकालाने दाखवले.

टिळकांसाठी कलकत्त्याहून वकील येऊ शकत होता. सामान्य आरोपीसाठी तालुक्याच्या गावातूनही येत नव्हता. देहान्त शिक्षेच्या खटल्यांत गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील देण्याचे नियम प्रांतोप्रांती होते. त्याखालच्या गुन्ह्यांत काहीच नव्हते. 1924 मध्ये मुंबईत लीगल एड सोसायटी स्थापन झाली आणि 1949 मध्ये मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली कायदेविषयक साहाय्याची समिती नेमली. तिच्या शिफारशी पैशांअभावी तशाच राहिल्या. दोन दशकांनी त्यांचेच चिरंजीव पी. एन. भगवती यांनी गुजरातमध्ये याच विषयावरील समितीचे काम केले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात बसून वडिलांच्या समितीला न जमलेले काही प्रमाणात करून दाखवले.

त्याच 1949 मध्ये घटना समितीत हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. मसुद्यातील कलम 15 मधून ‘योग्य कायदेशीर प्रक्रिया’ या अर्थाची शब्दयोजना वगळली गेल्यावर, संसद हवा तसा अटकेचा कायदा करील अशी तक्रार देशभरातून आली होती. 15 सप्टेंबर 1949 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नवे कलम 15-अ मांडले आणि ते त्या उणिवेची भरपाई आहे असे सांगितले. अटकेचे कारण कळणे, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर केले जाणे आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येणे या गोष्टी त्यातून आल्या. आजचे अनुच्छेद 22 ते हेच. कलम मांडणारा माणूस स्वतः फौजदारी बचाव केलेला वकील होता. ब्राह्मणेतर चळवळीतील केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांच्यावरील 1926 च्या बदनामीच्या खटल्यात त्यांनी अपील चालवून आरोपींची सुटका मिळवली होती, तर 1934 मध्ये र. धों. कर्वे यांच्या मासिकावरील अश्लीलतेच्या खटल्यात ते हरले होते. या कलमाला सुरुवातीपासूनच एक मोठे भगदाड आहे, तेही नोंदवायला हवे. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेखालील व्यक्तीला अनुच्छेद 22 च्या पहिल्या दोन पोटकलमांचे संरक्षण नाही, आणि 1980 च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याविषयीच्या ए. के. रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सल्लागार मंडळापुढे वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क मान्य केला नाही.

राज्यघटना लागू झाल्यानंतरही ‘वकील करता येणे’ आणि ‘वकील मिळणे’ यांतील अंतर कायम राहिले. 1951 मध्ये हैदराबाद राज्यातील विशेष न्यायाधिकरणाने फाशीची शिक्षा सुनावलेल्या आरोपींनी आपल्याला वकील मिळाला नाही अशी तक्रार केली, तेव्हा केवळ वकील दिला नाही म्हणून खटला आपोआप रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जनार्दन रेड्डी खटल्यात म्हटले. 1973 च्या संहितेने कलम 304 द्वारे सत्र न्यायालयातील आरोपीला सरकारी खर्चाने वकील देण्याची जबाबदारी घातली, 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेविषयक साहाय्याचे अनुच्छेद 39-अ आणले. तरीही पाया बदलला तो 1978 पासूनच्या निकालांनी, आणि त्यातले दोन महत्त्वाचे निकाल महाराष्ट्रातून आले.

पहिला होसकोट खटला. बनावट विद्यापीठ पदव्यांच्या प्रकरणातील एका प्राध्यापकाला सत्र न्यायालयाने न्यायालय उठेपर्यंत कैद आणि दंड एवढीच शिक्षा दिली होती, ती उच्च न्यायालयाने तीन वर्षांपर्यंत वाढवली. आरोपीने सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली ती चार वर्षांहून अधिक उशिराने, शिक्षा पूर्ण भोगून झाल्यावर. कारण निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नाही, असे त्याचे म्हणणे होते. प्रत येरवडा कारागृहाच्या अधीक्षकाकडे पाठवण्यात आली होती. ऑगस्ट 1978 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याची याचिका फेटाळली, पण त्याच निकालात कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य व वेळेवर देणे आणि अपिलासाठी वकील देणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. ज्याच्यामुळे हा नियम झाला, त्याला स्वतःला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

दुसरे प्रकरण पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रातून उभे राहिले. मुंबई मध्यवर्ती कारागृहातील 15 स्त्री कैद्यांशी त्या बोलल्या आणि त्यातील पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. फेब्रुवारी 1983 च्या निकालात न्यायालयाने स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या आणि अटक होताच कायदेविषयक साहाय्य समितीला खबर देणे असे आदेश दिले. त्याच पत्रात दोन परदेशी स्त्री कैद्यांना एका वकिलानेच फसवले, फीच्या नावाखाली त्यांचे दागिने व सामान गिळंकृत केले, असेही होते. बचावाच्या वकिलावरील विश्वासाची चर्चा करताना ही बाजू सहसा गाळली जाते. ती गाळण्याचे कारण नाही.

या दोन निकालांच्या दरम्यान बिहारने प्रश्नाचा गाभा उघडा केला. हुस्नआरा खातून खटल्यातून वर्षानुवर्षे कच्च्या कैदेत पडलेले लोक पुढे आले आणि भागलपूरच्या अंधत्व प्रकरणात, म्हणजे पोलिसांनी कैद्यांच्या डोळ्यांची नासधूस केलेल्या घटनांच्या सुनावणीत, आरोपींना वकील का दिला नाही या प्रश्नावर त्यांनी तो मागितला नव्हता, असे उत्तर आले. आपल्याला असा हक्क आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो मागणार कसा? वकील पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढे हजर करतानाच मिळाला पाहिजे, आरोपीला तसे सांगणे ही मॅजिस्ट्रेटचीच जबाबदारी आहे आणि पैशांची टंचाई ही सबब चालणार नाही, असे भागलपूर प्रकरणातील खत्री निकालाने स्पष्ट केले. 1986 मध्ये अरुणाचल प्रदेशातील सुक दास खटल्यात मागणी केली नाही म्हणून वकिलाविना झालेली शिक्षाच न्यायालयाने रद्द केली. 1987 च्या कायद्याने आलेली विधी सेवा प्राधिकरणे 1995 पासून प्रत्यक्ष कामाला लागली.

वकील त्याही आधीच्या टप्प्यावर, चौकशीच्या खोलीपर्यंत आणण्याचा प्रयत्न याआधीच सुरू झाला होता. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या 1978 च्या खटल्यात पोलीस चौकशीच्या वेळीही वकिलाचा सल्ला घेता यावा असे न्यायालयाने म्हटले, 1996 च्या डी. के. बसू निकालाने तो चौकशीदरम्यान भेटू शकेल, मात्र पूर्ण वेळ बसू शकणार नाही, असा मध्यम मार्ग काढला, आणि पुढे तोच नियम संहितेत कलम 41-ड म्हणून आला. पोलीस ठाण्यातील व्यवहार कलमाबरहुकूम चालतो असे मात्र कोणताही फौजदारी वकील सांगणार नाही.

26 नोव्हेंबर 2008 नंतर हे सगळे तत्त्वज्ञान मुंबईत कसाला लागले. अजमल कसाबचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असा ठराव मॅजिस्ट्रेट न्यायालयांतील वकील संघटनेने केला. विशेष न्यायालयाने अंजली वाघमारे यांची नेमणूक केली तेव्हा त्यांच्या घरावर निदर्शने झाली आणि पोलीस संरक्षण द्यावे लागले. पुढे हितसंबंधांच्या संघर्षाच्या मुद्द्यावर त्यांची नेमणूक रद्द झाली. अब्बास काझमी आले, त्यांना न्यायालयाने दूर केले आणि के. पी. पवार यांनी खटला शेवटाला नेला. उच्च न्यायालयात अमीन सोलकर व फरहाना शाह, सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन यांनी ही जबाबदारी पार पाडली. याच खटल्यातील एका सहआरोपीची बाजू मांडणारे शाहिद आझमी यांची 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यातील कार्यालयात गोळ्या घालून हत्या झाली. 3 मे 2010 च्या निकालात तो सहआरोपी आणि दुसरा एक भारतीय आरोपी निर्दोष सुटले. ती मुक्तता पुढच्या दोन्ही न्यायालयांत टिकली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद रफी खटल्यात, एखाद्या आरोपीचा बचाव करू नये असे वकील संघटनांचे ठराव बेकायदा ठरवले.

29 ऑगस्ट 2012 च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली, आणि त्याच निकालात वकिलाचा हक्क पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढे हजर केल्याक्षणी सुरू होतो, तो आरोपीला समजावून सांगण्यात कुचराई करणाऱ्या मॅजिस्ट्रेटवर खातेनिहाय कारवाई होऊ शकते, असे देशभरासाठी बंधनकारक केले. मात्र खटल्यापूर्वीच्या टप्प्यात वकील नसला तर तेवढ्यावरून खटला रद्द होणार नाही. तसे होण्यासाठी आरोपीचे प्रत्यक्ष नुकसान झालेले दिसले पाहिजे. माझ्या मते या निकालाची कमकुवत बाजू हीच आहे, कारण कबुलीजबाब, ओळखपरेड आणि रिमांड यांत होणारे नुकसान पुढे सिद्ध करणे हे बहुतेक आरोपींच्या आवाक्याबाहेरचे असते.

वकील आला तरी त्याला वेळ मिळतो का, हा पुढचा प्रश्न होता. मध्य प्रदेशातील एका खटल्यात वकिलाची नेमणूक आणि आरोपनिश्चिती एकाच दिवशी झाली आणि पंधरवड्याच्या आत फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. डिसेंबर 2019 मध्ये ती रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप वा फाशीच्या खटल्यांत किमान दहा वर्षे वकिली केलेलाच वकील नेमावा आणि त्याला तयारीसाठी साधारणतः किमान सात दिवस द्यावेत, असे ठरवले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रातील भटक्या जमातीतील सहा जण निर्दोष ठरले होते. नाशिकच्या सत्र न्यायालयाने 2006 मध्ये आणि खुद्द सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये त्या सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली होती. दशकानंतर तेच न्यायालय प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगत होते.

2022 पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जिल्ह्याजिल्ह्यांत पगारी बचाव वकिलांची कार्यालये सुरू केली आहेत. खटल्यागणिक तुटपुंज्या मानधनावर चालणाऱ्या जुन्या नेमणुकांपेक्षा ही रचना वेगळी आहे. हजर असलेला वकील हा आरोपीचाच वकील असला पाहिजे, हे मात्र अजून सांगावे लागते. ऑक्टोबर 2023 मध्ये दिल्लीत ‘न्यूजक्लिक’ या वृत्तसंकेतस्थळाचे संस्थापक प्रबीर पुरकायस्थ यांना पहाटे न्यायाधीशांपुढे हजर करण्यात आले, तेव्हा कायदेविषयक साहाय्याचा एक वकील तेथे उभा होता; त्यांच्या स्वतःच्या वकिलाला रिमांडचा अर्ज मिळाला तो सकाळी 7 वाजून 7 मिनिटांनी, व्हॉट्सॲपवर. रिमांडच्या आदेशावर वेळ सकाळी 6 ची होती. 15 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अटक आणि तो रिमांड दोन्ही अवैध ठरवले.