फॉर्म 4 : चाळीस दिवसांवरून दोन दिवसांवर

1929 साली अमेरिकेचा बाजार कोसळत असताना चेस नॅशनल बँकेचे प्रमुख अल्बर्ट विगिन आपल्याच बँकेचे शेअर शॉर्ट करत होते, म्हणजे उसने शेअर विकून भाव पडल्यावर स्वस्तात घेऊन परत करत होते, तेही कुटुंबाच्या कंपन्यांच्या नावाने. त्यात त्यांनी 40 लाख डॉलरहून अधिक कमावले. 1933 मध्ये सिनेटच्या चौकशीत वकील फर्डिनांड पेकोरा यांनी हे बाहेर काढले. गोम अशी, की तेव्हाच्या कायद्याने यात गैर काहीच नव्हते.

1934 च्या सिक्युरिटीज एक्स्चेंज कायद्यातल्या कलम 16 मागे ही चौकशी होती. संचालक, वरिष्ठ अधिकारी आणि 10 टक्क्यांहून जास्त हिस्सा असलेले भागधारक यांनी आपल्या कंपनीच्या शेअरमधले व्यवहार जाहीर करायचे (त्यासाठीचा अर्ज म्हणजे फॉर्म 4), शॉर्ट करायचे नाही, आणि सहा महिन्यांच्या आत खरेदी-विक्री दोन्ही केली तर नफा कंपनीला द्यायचा. नफा काढण्याची रीत भलतीच कडक आहे. त्या काळातली सर्वात स्वस्त खरेदी सर्वात महाग विक्रीशी जुळवतात, त्यामुळे एकूण हिशेबात तोटा झालेल्यालाही पैसे भरावे लागू शकतात. हेतू काय होता, हे कुणी विचारत नाही.

कलम कडक, पण मुदत सैल. महिनाभरातले व्यवहार पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवले तरी चालत, म्हणजे 1 तारखेची विक्री चाळीस दिवस झाकलेली राहू शके. शिवाय कंपनीशीच केलेले काही व्यवहार थेट वार्षिक फॉर्म 5 मध्ये टाकता येत, आर्थिक वर्ष संपल्यावर 45 दिवसांत. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचे प्रमुख केनेथ ले यांनी 2001 मध्ये कंपनीकडून उचललेले कर्ज तिलाच शेअर परत देऊन फेडले, सुमारे 7 कोटी डॉलरचे. लोकांना हे कळले 2002 च्या फेब्रुवारीत. तोवर एन्रॉन दिवाळखोरीत गेली होती.

2002 च्या सार्बेन्स-ऑक्स्ली कायद्याने 29 ऑगस्टपासून मुदत दोन कामकाजाच्या दिवसांवर आणली. 30 जून 2003 पासून कागद गेला आणि फॉर्म एसईसी या अमेरिकी बाजार नियामकाच्या एडगर या ऑनलाइन प्रणालीवरच भरणे सक्तीचे झाले. याचा एक जोडफायदा झाला. स्टॉक ऑप्शनवर, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर घेण्याच्या हक्कावर, भाव पडलेला असतानाची जुनी तारीख टाकण्याची चाल अवघड झाली, कारण दोन दिवसांत नोंद करायची तर महिनाभर मागे जाता येत नाही.

आज फॉर्म उघडला की आधी कोड पाहावा. पी म्हणजे खरेदी, एस म्हणजे विक्री. स्वतःच्या खिशातून केलेली पी सर्वात बोलकी. समजा एकाच तारखेला दोन ओळी आहेत : एम, 10,000 शेअर आले, एफ, 3,700 शेअर गेले. इथे विकायचे असे कुणी ठरवलेलेच नाही. मोबदल्यातले शेअर हाती आले (एम) आणि त्यावरचा कर कंपनीने त्यातूनच कापला (एफ). मथळ्यात मात्र ‘अधिकाऱ्याने शेअर विकले’ असेच येते. तळटीपा वाचल्याशिवाय तर पुढे जाऊच नये. दिवसभरात अनेक भावांना विकलेले शेअर एकाच सरासरी भावाने दाखवलेले असतात. खरा पल्ला तळटीपेत असतो.

एस दिसला तरी तो ठरलेल्या योजनेतला आहे का, ते पाहायचे. 10बी5-1 नियमाने 2000 पासून विक्रीची योजना आगाऊ आखून ठेवता येते. काही जण योजना करून थोड्याच दिवसांत विकू लागल्याने 2023 मध्ये संचालक व अधिकाऱ्यांसाठी किमान 90 दिवसांची थांबण्याची अट आली, आणि 1 एप्रिलपासून फॉर्मवर त्यासाठी स्वतंत्र चौकट. भेट दिलेले शेअर, कोड जी, पूर्वी फॉर्म 5 मध्ये निवांत जात. 27 फेब्रुवारी 2023 पासून त्यांनाही तेच दोन दिवस लागू झाले, भेटीची तारीख मागाहून सोयीची निवडता येऊ नये म्हणून.