पुतळी (दागिना)

पुतळी म्हणजे नाण्यासारखी गोल, पातळ सोन्याची चकती. तिच्यावर देवाची आकृती उठवलेली असते. वरच्या कडीतून रेशीम ओवून पुतळ्यांची माळ गाठवतात. नागपुरात इतवारीच्या सराफ्यात आजही नव्या पुतळ्या मिळतात, पण घरोघरी मान असतो तो आजेसासूकडून आलेल्या माळेलाच.

पुतळी हे मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचे, डुकाटचे, आपल्याकडचे नाव. १२८४ पासून पाडले जाणारे हे नाणे सुमारे साडेतीन ग्रॅमचे आणि जवळजवळ निर्भेळ सोन्याचे. १७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक बुडेपर्यंत नाण्याचा कस टिकून होता, म्हणून व्यापारातून इकडे आल्यावर लोकांनी ते विश्वासाने साठवले. नाण्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला सत्ताधीश असे. आपल्या लोकांना त्यात पुतळ्या दिसल्या. पुढे सोनारांनी स्वतःचे ठसे कोरले आणि त्या जागी राम-सीता आले. परक्या नाण्याला इतक्या सहज देवघरात घेणारी ही दृष्टी फार मोठी म्हटली पाहिजे.

ज्येष्ठागौरींना नागपुरात महालक्ष्म्या म्हणतात. भाद्रपदात त्या बसल्या की घरची जुनी माळ त्यांच्या गळ्यात जाते. माळ कोणाच्या लग्नातली, कोणत्या अडचणीत गहाण पडून सुटली, हे सुनांना कळते ते त्याच तीन दिवसांत.

पुतळीच्या जवळचा दागिना म्हणजे सवतीचा टाक. पहिली बायको वारल्यावर आलेली दुसरी तिच्या नावाची छोटी प्रतिमा गळ्यात घाली, सणाला आधी तिला हळदकुंकू वाही. मेलेल्या सवतीच्या कोपाची भीती त्यामागे होतीच, पण जिची जागा घेतली तिचा मान राखणेही होते. ही चाल आता जवळपास मावळली आहे.

वाटणीत माळ तुटते. लेकीसुनांना दोन-दोन पुतळ्या येतात, आणि एकेक पुतळी पोतीत किंवा साखळीत पदक म्हणून उरते. मोडीत घालण्यापेक्षा हे केव्हाही बरे. आटवल्यावर वजन हाती येते, ठसा कायमचा जातो. १६ जून २०२१ पासूनची हॉलमार्कची सक्ती सराफाने विकायच्या दागिन्यांना आहे; घरात ठेवलेल्या जुन्या पुतळ्यांना ती नाही. बहुतेकदा बिघडलेले असते ते फक्त कुजलेले रेशीम, आणि ते पटव्याकडून नवे गाठवून मिळते.