थकणारा स्नायू आणि सावरणारा स्नायू : दोन आजारांची पार्श्वभूमी

इंदूरच्या रामबागेत आमच्या आत्या तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणत. पहिले दहा-बारा श्लोक स्वच्छ जात. मग आवाज नाकातून येऊ लागे आणि डावी पापणी इतकी उतरे की ती बोटाने उचलून धरूनच त्या स्तोत्र पुरे करीत. सकाळी सारे पूर्ववत असल्याने पुढची दोन वर्षे त्यांच्या दुखण्याला ‘मनाचे’ म्हटले गेले, याचे मला आजही वाईट वाटते. कारण फार वेळ बोलल्यावर मुकी होणारी आणि तासा-दोन तासांनी वाचा परत मिळणारी स्त्री थॉमस विलिस या इंग्रज वैद्यांनी १६७२ मध्येच नोंदवून ठेवली होती.

या आजाराला ‘मायस्थेनिया ग्रॅव्हिस’ हे नाव फ्रीडरिश योली यांच्यामुळे १८९५ मध्ये रूढ झाले. त्याची लक्षणे क्युरारे या स्नायू लुळे करणाऱ्या विषाच्या बाधेसारखी दिसतात हे हेरून मेरी वॉकर यांनी १९३४ मध्ये ग्रिनिचच्या रुग्णालयात त्या विषावरचा उतारा असलेल्या फायसोस्टिग्मिनचे इंजेक्शन दिले आणि रुग्णाची शक्ती काही काळ परतली. हा स्वयंप्रतिकाराचा, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा, आजार असावा, असा तर्क जॉन सिम्पसन यांनी १९६० मध्ये मांडला. पुरावा मिळाला तो सापाच्या विषामुळे. मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या अशाच मिटतात, हे आपल्या माळव्यातही ठाऊक आहे. तिच्या तैवानी जातभाईच्या विषातला एक घटक मज्जातंतूचा निरोप स्नायूला देणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाच्या स्नायूवरील ग्राहकांना, म्हणजे तो निरोप झेलणाऱ्या रेणूंना, घट्ट चिकटतो, आणि त्याच्याच साहाय्याने १९७३ मध्ये रुग्णांच्या स्नायूंतील ग्राहक मोजले असता ते फारच कमी भरले. ते नष्ट करणारी प्रतिपिंडे रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातली असतात.

लॅम्बर्ट, ईटन आणि रुक यांनी १९५६ मध्ये वर्णन केलेला आजार वरकरणी असाच वाटतो, पण त्यात बिघाड मज्जातंतू आणि स्नायू जिथे जुळतात त्या सांध्याच्या अलीकडे, म्हणजे मज्जातंतूच्या टोकाशी असतो : तेथील कॅल्शियमच्या वाहिन्यांवर प्रतिपिंडे हल्ला करतात आणि अ‍ॅसिटिलकोलीन पुरेसे बाहेर पडत नाही. पापण्यांआधी मांड्या कमजोर होतात, तोंड कोरडे पडते, आणि स्नायू थोडा वेळ जोर लावून आवळला की उलट बळ येते. सुमारे निम्म्या रुग्णांत फुप्फुसाचा लघुपेशी कर्करोग दडलेला असतो, म्हणून हा भेद ओळखणे निकडीचे ठरते.

आत्यांच्या मनगटाशी सेकंदाला तीन या गतीने विजेचे हलके झटके दिले, तेव्हा पडद्यावरची स्नायूच्या प्रतिसादाची दुसरी लाट पहिलीपेक्षा ठेंगणी आली आणि चौथी त्याहून ठेंगणी. डॉक्टरांनी ती बोटाने दाखवली. आत्या एवढेच म्हणाल्या, “म्हणजे मी सोंग करत नव्हते.”