एकच प्रिंटर विंडोज, लिनक्स आणि मॅकला कसा पुरू लागला

एका खोलीत एक प्रिंटर, आणि शेजारी विंडोज, लिनक्स आणि मॅक असे तीन संगणक. तिघांनाही त्याच्यावरच प्रिंट काढायची असली की दोन वेगळे प्रश्न उभे राहतात, आणि बहुतेक वेळा त्यांची गल्लत होते. पहिला प्रश्न, काम प्रिंटरपर्यंत पोचवायचं कसं. दुसरा, ते त्या प्रिंटरला कळेल अशा भाषेत मांडायचं कोणी, म्हणजे ड्रायव्हर कोणाकडे असायचा. पोचवण्याचं कोडं लवकर सुटलं. ड्रायव्हरचं सुटायला दोन-तीन दशकं गेली, आणि या विषयाचा खरा इतिहास तोच आहे.

पोचवण्याची रूढ पद्धत आली युनिक्समधून. बर्कली विद्यापीठाच्या १९८३ सालच्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत एलपीडी हा छपाईची कामं घेऊन रांगेत लावणारा प्रोग्राम होता, आणि १९९० मध्ये आरएफसी ११७९ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात त्याचे नियम लिहून निघाले. नियम अगदी सुटसुटीत आहेत. पोर्ट ५१५ वर, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारावर, जोडणी करायची, ‘काम घे’ असा एका बाइटचा हुकूम आणि पुढे रांगेचं नाव पाठवायचं, मग दोन फायली द्यायच्या: एकीत काम कोणाचं आणि कुठून आलं याची नोंद, दुसरीत छापायचा मजकूर. मजकुराच्या आत काय आहे याच्याशी एलपीडीला देणंघेणं नाही. त्याचा फटका साध्या मजकुरालाही बसायचा. युनिक्सच्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी फक्त ‘खाली जा’ ही खूण असते; डॉसच्या वळणाच्या प्रिंटरला ‘डावीकडे परत ये’ ही खूणही लागते. ती न मिळाल्यामुळे प्रत्येक ओळ आधीची जिथे संपली तिथूनच सुरू व्हायची, कागदावर जिन्यासारख्या पायऱ्या उतरायच्या आणि पुढचा मजकूर उजव्या कडेबाहेर जायचा.

सगळ्यांना एकच भाषा देण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे ॲडोबीची १९८४ ची पोस्टस्क्रिप्ट. पुढच्याच वर्षी ॲपलचा लेझररायटर ती घेऊन आला. किंमत ६,९९५ डॉलर, त्यामुळे एका टेबलाला एक प्रिंटर हा विचारच शक्य नव्हता; ॲपलटॉक या ॲपलच्या नेटवर्कवरून अनेक मॅक त्याला जोडले जात. पोस्टस्क्रिप्ट समजून घ्यायला मात्र प्रिंटरमध्येच दमदार प्रोसेसर आणि मेमरी लागायची, आणि स्वस्त प्रिंटरला ते परवडत नव्हतं. हे काम संगणकावरच उरकणारा घोस्टस्क्रिप्ट १९८८ मध्ये आला. माझ्या मते लिनक्सवरच्या छपाईचा पाया याच प्रोग्रामने घातला, आणि त्याचं श्रेय त्याला फार क्वचित दिलं जातं.

विंडोजचा रस्ता निराळा होता. तिथे फायली आणि प्रिंटर शेअर होत ते एसएमबी या नियमसंचावरून, ज्याची सुरुवात आयबीएममध्ये झाली होती. ऑस्ट्रेलियात कॅनबेऱ्याला पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ च्या अखेरीस नेटवर्कवरून जाणारी माहितीची पाकिटं तपासून त्याच्याशी जुळणारा सर्व्हर लिहिला. त्यातूनच सांबा उभा राहिला. विंडोजवाल्याला लिनक्सला जोडलेला प्रिंटर ‘नेटवर्क’मध्ये दिसू लागला तो यामुळे. मायक्रोसॉफ्टकडून अधिकृत माहिती मिळायला सांबाच्या मंडळींना डिसेंबर २००७ उजाडला, तेही युरोपीय आयोगाशी झालेल्या दीर्घ कज्ज्यानंतर.

सांबानेही प्रश्न अर्धाच सुटला. आपल्याकडे असंख्य ऑफिसांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० घ्या. त्याला पोस्टस्क्रिप्ट कळत नाही, कळते ती कॅननची स्वतःची कॅप्ट भाषा. तो विंडोजला जोडून नेहमीसारखा शेअर केला, तर लिनक्सवाल्याकडेही कॅप्टचा ड्रायव्हर असावा लागतो. प्रिंटर ‘दिसतोय’ पण छापत नाही, याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

यावरचा उपाय मायकेल स्वीट यांच्या कप्स या छपाई सांभाळणाऱ्या प्रणालीने रूढ केला. १९९९ मध्ये बाहेर आलेल्या कप्समध्ये ड्रायव्हर सर्व्हरवर, म्हणजे प्रिंटर जोडलेल्या संगणकावर, असतो. बाकीच्यांनी पोस्टस्क्रिप्ट, पुढे पीडीएफ, पाठवायची. सर्व्हरवरचे फिल्टर ती त्या प्रिंटरच्या भाषेत उतरवतात. विंडोजला साधा पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर दिला की भागतं. फॉन्ट पीडीएफमध्येच बांधलेला असल्याने मराठी जोडाक्षरंही जशीच्या तशी उमटतात, आणि आपल्यासाठी ही मोठीच सोय आहे. ॲपलने २००२ मध्ये कप्स मॅकमध्ये घेतलं आणि २००७ मध्ये त्याचा सोर्स कोडच विकत घेतला.

कप्सचा आधार होता आयपीपी, म्हणजे इंटरनेटच्या धर्तीवर छपाईचे नियम, पोर्ट ६३१ वर चालणारे. यात संगणक आधी प्रिंटरलाच विचारतो: कोणते कागद, रंग आहेत का, दोन्ही बाजूंना छापतोस का, कोणत्या प्रकारच्या फायली घेतोस? उत्तर खुद्द प्रिंटर देऊ लागला की प्रत्येक मॉडेलचा वेगळा ड्रायव्हर बाळगण्याची गरज संपते. फोनवर तर असे ड्रायव्हर भरणं व्यवहार्यच नव्हतं. त्या गरजेतून नोव्हेंबर २०१० मध्ये ॲपलचं एअरप्रिंट आलं, आणि २०१३ मध्ये त्याच धर्तीचे, वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारे आयपीपी एव्हरीव्हेअर व मोप्रिया.

विंडोजला या वाटेवर यायला उशीर झाला, आणि त्यात सुरक्षेचा मोठा वाटा आहे. विंडोजमध्ये शेअर केलेला प्रिंटर जोडताना ड्रायव्हर सर्व्हरवरून आपोआप उतरायचा. २०२१ च्या प्रिंटनाइटमेअर प्रकरणात छपाईच्या याच यंत्रणेतून सबंध संगणकाचा ताबा घेता येतो हे उघड झालं. त्या सप्टेंबरमधल्या अपडेटनंतर अनेक ऑफिसांत शेअर केलेले प्रिंटर बंद पडले, पडद्यावर ११बी वर संपणारा एरर येऊ लागला, आणि लोकांनी सर्रास अपडेटच काढून टाकलं. तात्पुरतं काम चालतं, पण बुजवलेलं भोक पुन्हा उघडं राहतं. हे कोणीही करू नये. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रिंटर कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून पुरवणं टप्प्याटप्प्याने थांबवण्याचं जाहीर केलं. आता तिथेही भर आयपीपीवरच आहे.

जुना यूएसबी प्रिंटर फेकायची मात्र गरज नाही. रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकावर कप्स आणि अवाही (नेटवर्कवर प्रिंटर आहे हे इतरांना कळवणारा प्रोग्राम) बसवून तो जोडला, की फोनसकट सगळ्यांना तो एअरप्रिंटचा प्रिंटर म्हणून दिसतो. फक्त रास्पबेरी पाय विकत घेण्याआधी आपल्या प्रिंटरचा ड्रायव्हर तपासा: बऱ्याच कंपन्यांचे बंदिस्त लिनक्स ड्रायव्हर इंटेलच्या धाटणीच्या प्रोसेसरसाठीच बांधलेले असतात, आणि रास्पबेरी पायवर ते चालत नाहीत.